निअर-इन्फ्रारेड हॅण्डहेल्ड कॅमेऱ्याने उंदराचा लिम्फ नोड टिपणे: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

हाती धरायच्या फ्लुओरेसन्स कॅमेऱ्यात पहिल्याच दिवशी काहीतरी चमकताना दिसते, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते. चमकणारा ठिपका लिम्फ नोड, म्हणजे लसिकाग्रंथी, असेल. हातमोज्यावरून लागलेला डायचा, म्हणजे टोचलेल्या चमकणाऱ्या रंगाचा, डागही असेल, किंवा ओल्या कातडीवरून परतलेला लेसरचा उजेडही. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. ते वेगळे ओळखायचे तर कॅमेरा चालू करण्याआधीची कामे ठराविक क्रमाने व्हावी लागतात. बिघडलेल्या प्रयोगांपैकी बहुतेक तिथेच बिघडलेले असतात.

उदाहरण म्हणून एकच प्रयोग घेतला आहे: उंदराच्या मागच्या पंजात इंडोसायनिन ग्रीन, म्हणजे आयसीजी, टोचायचे आणि गुडघ्यामागचा पॉप्लिटीअल नोड टिपायचा. ट्यूमरच्या गाठीचे किंवा रक्तपुरवठ्याचे इमेजिंग करणाऱ्यांनाही यातले बहुतेक टप्पे जसेच्या तसे लागू पडतील.

संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी हातात असल्याशिवाय यातले काहीही सुरू करू नका. मंजूर अर्जात डायचे नाव, मात्रा, टोचण्याची जागा आणि भुलीची पद्धत लिहिलेली असते. खालचे आकडे आणि तुमचा अर्ज यांत फरक असेल, तर अर्जातलेच पाळायचे.

टप्पा १: डाय आणि कॅमेरा एकमेकांना जुळतात का, ते पाहा

आयसीजी रक्तातल्या प्रथिनांना चिकटले की साधारण ८०५ नॅनोमीटरला सर्वाधिक प्रकाश शोषते आणि ८३० च्या आसपास परत सोडते. '८०० चॅनेल'चे बहुतेक कॅमेरे याच डायसाठी बांधलेले असतात. अँटिबॉडीला जोडून वापरतात त्या आयआरडाय ८००सीडब्ल्यू या डायच्या सोडलेल्या प्रकाशाचे शिखर मात्र ७९० च्या जवळ येते. तुमच्या कॅमेऱ्याचा फिल्टर ८२० पासून पुढचाच प्रकाश आत घेत असेल, तर या डायचा मोठा भाग बाहेरच अडतो. मग 'अँटिबॉडी गाठीला चिकटतच नाही' असा निष्कर्ष निघतो, आणि प्रत्यक्षात दोष फिल्टरचा असतो. सीवाय ५.५ चे शिखर ७०० च्या अलीकडे आहे, त्यामुळे तो डाय ८०० च्या कॅमेऱ्यासाठी जवळजवळ निरुपयोगीच.

माहितीपत्रकातून दोनच आकडे काढा: दिवा किंवा लेसर किती नॅनोमीटरचा आहे, आणि फिल्टर कुठून उघडतो. ते कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने लावून ठेवा.

टप्पा २: आठवडाभर आधी खाद्य, आदल्या दिवशी केस

लसूणघास मिसळलेल्या खाद्यात क्लोरोफिल असते आणि आतड्यात ते चमकते. ७०० च्या पट्ट्यात हा त्रास फार होतो, ८०० मध्ये कमी, पण पोटाजवळचे काही मोजायचे असेल तर तेवढाही नडतो. म्हणून इमेजिंगच्या ५ ते ७ दिवस आधी लसूणघास नसलेल्या, शुद्ध घटकांच्या खाद्यावर उंदीर आणा. त्याच दिवशी पिंजऱ्यातला भुसाही बदला. उंदीर स्वतःची विष्ठा खातात, त्यामुळे जुना भुसा राहिला तर जुने खाद्यही पोटात जातच राहते. पंजा ते गुडघा एवढेच पाहणार असाल तर हा टप्पा गाळला तरी चालेल.

केसांचा टप्पा गाळता येत नाही. काळे केस प्रकाश गिळतात, पांढरे केस तो विखुरतात आणि स्वतःही थोडे चमकतात. भुलीखाली आधी ट्रिमर फिरवा, मग केस काढायच्या क्रीमचा पातळ थर ३० ते ६० सेकंद ठेवा. कोमट पाण्यात भिजवलेल्या गॉझने तीन-चार वेळा पुसा आणि लगेच कोरडे करा. जांघेतली आणि गुडघ्यामागची कातडी पातळ असते. तिथे मिनिटाच्या वर क्रीम राहिले तर ती भाजते, आणि लालसर कातडीतला वाढलेला रक्तप्रवाह दुसऱ्या दिवशीच्या चित्रात उतरतो. यासाठीच हे काम आदल्या दिवशी करायचे. टोचायच्या तासभर आधी घाईने केलेले केसकाम हे असमान पार्श्वभूमीचे फार मोठे कारण असते.

सी५७ब्लॅक/६ जातीचा उंदीर असेल तर केस काढल्यावर कातडीचा रंग नीट पाहा. केस उगवायच्या अवस्थेतली कातडी राखाडी-काळी दिसते आणि तिच्यातले मेलॅनिन प्रकाश खाते. दोन पायांपैकी एकच काळा पडला असेल तर त्या उंदराची डावी-उजवी तुलना करू नका. सात ते नऊ आठवड्यांच्या उंदरांची कातडी बहुधा गुलाबी मिळते. निवड तुमच्या हातात असेल, तर बाल्ब/सी किंवा बिनकेसांची जात घेतल्याने अर्धा त्रास वाचतो.

तपासा: केस काढलेला भाग कोरडा, गुलाबी आणि न खरचटलेला आहे का? खरचटले असेल तर दोन-तीन दिवस थांबा.

टप्पा ३: डाय तयार करणे

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडे थांबू.

आयसीजीची कुपी साधारणपणे २५ मि.ग्रॅ.ची मिळते. तिच्यात १० मि.लि. निर्जंतुक पाणी घातले की २.५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. हा मूळ द्राव तयार होतो. पाणीच घ्यायचे, सलाइन नाही. सलाइनमधल्या क्षारामुळे आयसीजीचे रेणू एकमेकांना बिलगतात, कधी बारीक कणही तळाशी बसतात, आणि चमक उतरते. पुढची पातळ करण्याची पायरी ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये करा, म्हणजे टोचलेल्या जागी नुसत्या पाण्याची आगही होत नाही.

पंजासाठी १०० मायक्रोलिटर मूळ द्रावात ९०० मायक्रोलिटर डेक्स्ट्रोज घाला. ०.२५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. द्राव मिळतो आणि त्याच्या १० मायक्रोलिटरमध्ये २.५ मायक्रोग्रॅम डाय असतो. रक्तप्रवाह पाहण्यासाठी शेपटीच्या शिरेतून द्यायचे असेल तर ४० मायक्रोलिटर मूळ द्राव आणि ९६० मायक्रोलिटर डेक्स्ट्रोज घ्या. २० ग्रॅमच्या उंदराला यातले १०० मायक्रोलिटर दिले की मात्रा ०.५ मि.ग्रॅ. प्रति किलो होते.

आता सर्वांना चकवणारी गोष्ट. कुपीतला मूळ द्राव कॅमेऱ्याखाली धरला तर तो मंद दिसतो. अनेकजण डाय खराब झाला समजून आणखी घट्ट द्राव करतात, आणि चित्र अधिकच अंधारते. रेणू फार दाटीने असले की एकाने सोडलेला प्रकाश शेजारचाच गिळून टाकतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहाच. ०.२ मि.लि.च्या चार पीसीआर नळ्या घ्या. १ टक्का अल्ब्युमिनमध्ये (हे रक्तातले एक प्रथिन) २.५, ०.२५, ०.०२५ आणि ०.००२५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. असे द्राव करा आणि काळ्या पृष्ठभागावर ओळीने ठेवून चित्र घ्या. पहिली नळी साध्या डोळ्यांना गडद हिरवी, पण पडद्यावर फिकी. तिसरी डोळ्यांना जेमतेम रंगीत, पण पडद्यावर बहुधा सर्वांत उजळ. पंजातल्या टोचलेल्या जागेचा मधला भाग काळसर आणि कडेने चमकणारे कडे असे दिसले, तर तेही याच कारणाने, सुई चुकल्यामुळे नव्हे.

जपा: विरघळवलेले आयसीजी ६ तासांत संपवायचे आणि तोपर्यंत फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवायचे. उरलेला द्राव फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरला तर कालचे आणि आजचे आकडे कधीच जुळणार नाहीत.

टप्पा ४: सिरिंजची खूण वाचा

१० मायक्रोलिटर मोजायला हॅमिल्टन सिरिंज उत्तम. बऱ्याच प्रयोगशाळांत मात्र इन्सुलिनची सिरिंज वापरतात. आपल्याकडे औषधांच्या दुकानात मि.लि.ला ४० युनिटांची आणि मि.लि.ला १०० युनिटांची, अशा दोन्ही मिळतात. १०० युनिटांच्या सिरिंजवर एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर, ४० च्या सिरिंजवर तेच एक युनिट म्हणजे २५. टोपण नारिंगी असले की १००, लाल असले की ४० असा ढोबळ संकेत आहे, पण टोपणावर विसंबू नका. नळीवर छापलेला आकडा वाचा. एका गटाला एक सिरिंज आणि दुसऱ्या गटाला दुसरी गेली, तर अडीच पट फरक घरातच तयार होतो, आणि आकडेवारी तो 'उपचाराचा परिणाम' म्हणून दाखवते.

टप्पा ५: खोली अंधारी आहे का, ते कॅमेऱ्याला विचारा

डोळ्यांना अंधार वाटणे पुरेसे नाही. पिवळ्या बल्बमधून, हॅलोजनच्या शस्त्रक्रियेच्या दिव्यातून आणि खिडकीच्या उन्हातून निअर-इन्फ्रारेड भरपूर येते. पांढऱ्या एलईडीमधून आणि ट्यूबलाइटमधून फार थोडे. म्हणून काम एलईडीखाली करा, खिडकीला जाड पडदा लावा. उंदराला ऊब द्यायला लावलेला लाल हीट लॅम्प मात्र बंदच हवा. संपूर्ण चित्र पांढरे पडण्यामागे अनेकदा तोच सापडतो. उबेसाठी ३७ अंशांचा हीटिंग पॅड वापरा.

कॅमेरा चालू करून १० ते १५ मिनिटे तापू द्या. मग याच क्रमाने चार चित्रे घ्या:

१. झाकण लावून. हे डार्क चित्र. पुढे ते वजा करायचे आहे.
२. झाकण काढून, पण कॅमेऱ्याचा दिवा किंवा लेसर बंद ठेवून. इथे काही उजळ दिसले तर तो खोलीतला उजेड आहे. काही कॅमेरे खोलीचा उजेड आपोआप वजा करतात, तरी ही तपासणी सोडू नका.
३. दिवा चालू, समोर रिकामा टेबल, पॅड, गॉझ, चिकटपट्टी. काही मार्करची शाई, काही पट्ट्या आणि काही कापडे चमकतात. काळे कापड डोळ्यांना काळे दिसते, पण त्याचा रंग निअर-इन्फ्रारेड परतवत असेल तर कॅमेऱ्यात ते पांढरे दिसते. पार्श्वभूमीसाठी मॅट काळा कागद आधी तपासून घ्या.
४. दिवा चालू, समोर डाय न दिलेला, केस काढलेला उंदीर. इथली चमक म्हणजे कातडीची स्वतःची चमक अधिक फिल्टरमधून गळालेला दिव्याचा उजेड. याच्या वर जे दिसेल तेवढेच तुमचे.

कोणी म्हणेल, रोज चार चित्रे कशाला? कारण पॅड बदलतो, गॉझची कंपनी बदलते, कोणीतरी पडदा उघडा ठेवून जाते. पाच मिनिटांचे काम आहे.

टप्पा ६: भूल आणि डोळे

आयसोफ्लुरेनच्या डब्यात ३ ते ४ टक्के, मग नाकाच्या नळीवर १.५ ते २ टक्के, ऑक्सिजन मिनिटाला ०.५ ते १ लिटर. पंजा चिमटून प्रतिसाद नसल्याची खात्री करा. श्वास मिनिटाला ५० च्या खाली गेला तर भूल कमी करा. डोळ्यांत मलम घाला आणि लेसरच्या कॅमेऱ्यासाठी डोळ्यांवर गॉझचा छोटा तुकडाही ठेवा.

आयसोफ्लुरेनमुळे लसिकावाहिन्यांचे आकुंचन मंदावते. तुम्ही वाहिन्यांचे ठोके मोजणार असाल, तर सर्व उंदरांना सारखी टक्केवारी आणि भूल दिल्यापासून सारखा वेळ ठेवा. फक्त नोड शोधायचा असेल तर एवढी काटेकोरी लागत नाही.

जपा: हा उजेड डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही. लेसरचा कॅमेरा असेल तर त्याच तरंगलांबीचा गॉगल खोलीतल्या प्रत्येकाने लावायचा. स्टीलचा ट्रे आणि चकचकीत चिमटे किरणांच्या वाटेत ठेवू नका.

टप्पा ७: टोचणे आणि हातमोजे

व्हिडिओ आधी सुरू करा, मग टोचा. पॉप्लिटीअल नोड पुष्कळदा मिनिटभरात, नाहीतर काही मिनिटांत दिसू लागतो. कॅमेरा उशिरा चालू केला तर पहिले काय चमकले हे कायमचे निसटते. आयसीजीचा रेणू लहान असल्याने तो पहिल्या नोडमध्ये अडून राहत नाही, पुढच्या नोडमध्येही जातो. तासाभराने पाहिलेल्या चित्रात दोन-तीन नोड चमकतात आणि त्यांतला 'पहिला' ठरवता येत नाही.

३१ गेजची सुई, टोकाचे तोंड वर, कातडीला जवळजवळ समांतर, मागच्या पंजाच्या वरच्या बाजूला बोटांच्या मधोमध. पाच-दहा सेकंद घेऊन हळू दाबा. कातडीत मोहरीएवढा फुगवटा उठला पाहिजे. उठला नाही तर सुई खोल गेली आहे. त्या उंदराची नोंद तशीच ठेवा आणि त्याच पायात पुन्हा टोचू नका. सुई लगेच ओढली तर थेंब बाहेर येतो, म्हणून दहा सेकंद तशीच राहू द्या.

आता हातमोजे काढून टाका. हे वाक्य या लेखात एकच वाचायचे असेल तर हेच वाचा. डोळ्यांना न दिसणारा डायचा अंश बोटाच्या टोकावर असतो. त्याच बोटाने गुडघा सरळ केला की गुडघ्यामागे गोल, मऊ कडांचा, अगदी नोडसारखा ठिपका उमटतो. टोचणारा आणि कॅमेरा धरणारा ही दोन वेगळी माणसे असणे सर्वांत चांगले. एकटेच असाल तर टोचणे, मोजे बदलणे, नवे मोजे कॅमेऱ्याखाली पाहणे आणि मगच उंदराला हात लावणे, असा क्रम ठेवा.

टोचलेल्या जागेची चमक इतकी तेज असते की शेजारची मंद वाहिनी तिच्यात बुडते. त्या जागेवर काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा ठेवा. टेप आधी तिसऱ्या चित्रात तपासलेली असावी.

तपासा: शंका आलेला ठिपका ओल्या गॉझने पुसा. पुसला गेला तर डाग. पाय हलवल्यावर कातडीबरोबर सरकला तर बहुधा कातडीवरचाच. दुसऱ्या पायावरही तसाच दिसला तर तो उजेडाचा खेळ आहे.

टप्पा ८: अंतर, कोन, गेन

कॅमेऱ्याचा दिवा पसरत जातो, त्यामुळे अंतर बदलले की कातडीवर पडणारा उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. २० सेंटिमीटरवरून २५ वर गेलात तर उजेड ६४ टक्के उरतो. २० वरून १८ वर आलात तर २३ टक्के वाढतो. दोन सेंटिमीटर म्हणजे थकलेला हात जेवढा खाली येतो तेवढेच. म्हणूनच आकडे हवे असतील तर कॅमेरा हातात धरू नका. रिटॉर्ट स्टँडच्या क्लॅम्पमध्ये बसवा. हातात धरायचा तो शोधताना आणि कापताना. स्टँड शक्यच नसेल तर कॅमेऱ्याच्या कडेला २० सेंटिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी बांधा आणि तिचे टोक दरवेळी टेबलावर टेकवा.

उजेड मध्यभागी जास्त आणि कडेला कमी पडतो, म्हणून नोड नेहमी चौकटीच्या मध्यात हवा. ओल्या कातडीवर झगझगीत ठिपका आला तर कातडी कोरडी करा आणि कॅमेरा थोडा तिरपा करा. कॅमेरा कलल्याबरोबर चकाकीची जागा सरकते, नोडची सरकत नाही.

गेन म्हणजे कॅमेरा संकेत किती पट वाढवतो ते. ऑटो-गेन आणि ऑटो-एक्स्पोजर बंद. ते चालू असले की मंद नोड आपोआप उजळ होतो आणि तेजस्वी नोड दबतो, म्हणजे तुम्हाला मोजायचा तो फरकच मिटतो. गेन ठरवताना सर्वांत तेजस्वी अपेक्षित उंदीर घ्या आणि त्याचा नोड कमाल आकड्याच्या ७०-८० टक्क्यांवर बसवा. ८ बिटमध्ये कमाल २५५, १२ बिटमध्ये ४०९५. नोडच्या मध्यातला आकडा नेमका कमाल दिसत असेल तर ते मोजमाप राहिलेच नाही, एक्स्पोजर कमी करून पुन्हा घ्या. एकदा ठरलेली सेटिंग सगळ्या गटांसाठी तीच.

रोज त्याच जागी एक संदर्भनळी ठेवा: ०.००२५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि., १ टक्का अल्ब्युमिनमध्ये, त्याच दिवशी बनवलेली. सकाळी आणि शेवटी तिचे चित्र घ्या. वापर नसेल तेव्हा ती फॉइलमध्ये, बर्फावर राहू द्या.

टप्पा ९: आकडे काढणे

चित्र टिफमध्ये साठवा. जेपेग आणि एमपीफोर आकडे दाबून बदलतात, ते सादरीकरणापुरते. फिजी या चित्रे मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये नोडभोवती वर्तुळ काढा आणि तेवढेच वर्तुळ शेजारच्या, वाहिनी नसलेल्या कातडीवर ठेवा.

डार्क चित्र वजा न करता काढलेले गुणोत्तर फसवे असते. नोड १८०, शेजारची कातडी ६०, तर गुणोत्तर ३ दिसते. डार्क चित्रात सरासरी ४० असेल तर खरे आकडे १४० आणि २०, म्हणजे गुणोत्तर ७. कॅमेरा तापल्यावर डार्कचा आकडा बदलतो, म्हणून सकाळचे डार्क चित्र दुपारी चालत नाही. दर तासाला नवे घ्या.

कातडीवरून घेतलेल्या आकड्यात नोडची खोलीही मिसळलेली असते. जाड उंदराचा नोड चरबीखाली मंद आणि पसरट दिसतो, त्यात डाय कमी असेलच असे नाही. म्हणून शेवटचा निर्णय नोड बाहेर काढून करा: मंजूर पद्धतीने उंदीर मारल्यावर दोन्ही पायांचे नोड काढा, सलाइनने धुवा, टिपून वजन करा, काळ्या कागदावर शेजारी-शेजारी ठेवा आणि उलटसुलट दोन्ही बाजूंनी चित्र घ्या. न टोचलेल्या पायाचा नोड हाच तुमचा खरा कंट्रोल. प्रत्येक नोडला वेगळी चिमटी, किंवा तीच चिमटी पुसून कॅमेऱ्याखाली तपासलेली.

नोड पुढे सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचा असेल तर तो गोठवून कापा. पॅराफिनच्या वाटेने पाठवला तर अल्कोहोलच्या पायऱ्यांमध्ये आयसीजी धुऊन जाते आणि काचपट्टीवर काहीच चमकत नाही.

टप्पा १०: पुन्हा इमेजिंग करायचे असेल तर

शिरेतून दिलेले आयसीजी यकृत लवकर उचलते आणि पित्तातून आतड्यात सोडते, त्यामुळे त्या दिवशी पोट आणि विष्ठाही चमकते. पंजातला डाय मात्र टोचलेल्या जागी दिवसेंदिवस रेंगाळतो. दुसऱ्या खेपेला टोचण्याआधीचे चित्र घेऊन तेच नवे शून्य धरा. जुनी चमक अजून दिसत असेल तर दुसरा पाय वापरा, किंवा ती कातडीच्या पातळीवर येईपर्यंत दर दोन दिवसांनी एक चित्र घेत थांबा.